पहिला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेतोय: कॉर्ड्स दिसतात तरी ट्यूब का अडते, आणि गुटख्याने बंद झालेल्या तोंडाचं काय?

मांजरा_काठ

नमस्कार. तालुक्याच्या गावी फ्रीलान्स भूल देतो. गावातली आणि आसपासची मिळून सहा-सात रुग्णालयं आहेत. बरंचसं काम स्पायनलवर निभावतं. जीए, म्हणजे पूर्ण भूल, लागते ती लॅपरोस्कोपीला, लहान मुलांना आणि अपघाताच्या केसेसना. सगळं सामान माझ्याच गाडीतून फिरतं: साध्या लॅरिंगोस्कोपची मॅकिन्टॉश ब्लेड्स ३ आणि ४ नंबरची, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी बारीक काडी), आय-जेल (ट्यूबऐवजी स्वरयंत्राच्या वर बसणारा एअरवे), अँबू (हाताने श्वास द्यायची पिशवी), इमर्जन्सी औषधांचा डबा. आता व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (व्हीएल, म्हणजे श्वासाची ट्यूब टाकताना आतलं स्क्रीनवर दाखवणारं कॅमेऱ्याचं ब्लेड) घ्यायचं पक्कं केलंय, पण कोणता घ्यावा यावर अडलोय. विचारायला दोन केसेस कारण झाल्या.

मध्यंतरी जिल्ह्याच्या एका रुग्णालयात तिथला व्हीएल वापरायला मिळाला, जास्त वळणाच्या (हायपरअँग्युलेटेड) ब्लेडचा. पेशंट स्थूल, मान आखूड, मॅलमपटी ३ (तोंड उघडल्यावर घसा कमीच दिसतो). ब्लेड आत गेलं आणि स्क्रीनवर दोन्ही कॉर्ड्स (स्वरतंतू) लख्ख. ट्यूब मात्र जाईना. टोक आधी अ‍ॅरिटेनॉइडवर (कॉर्ड्सच्या मागच्या कूर्चेवर) अडायचं, वर उचललं की पुढच्या भिंतीला टेकायचं. सॅच्युरेशन ९५ च्या खाली सरकायला लागल्यावर थांबलो, मास्कने व्हेंटिलेट केलं आणि साध्या मॅकिन्टॉशवर बूजी घालून ट्यूब टाकली. पेशंट व्यवस्थित घरी गेला. पण ग्रेड ३ (कॉर्ड्स नाहीत, फक्त वरची झडप, एपिग्लॉटिस) दिसत असताना ट्यूब गेली आणि ग्रेड १ (कॉर्ड्स पूर्ण) दिसत असताना गेली नाही, याचा उलगडा हवाय.

दुसरी केस अजून व्हायची आहे. पुढच्या आठवड्यात लॅप कोले, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढायचं. पस्तिशीचा माणूस, ट्रॅक्टर चालवतो, विशीपासून गुटखा. तोंड जेमतेम एक-दीड बोट उघडतं, गालाच्या आत बोट फिरवलं की ताठ पट्टे लागतात. मान व्यवस्थित वळते, वजन बेताचं. सर्जन म्हणतात, 'आता तू व्हीएल घेतोयस ना, मग प्रश्न मिटला.' खरंच मिटला का?

पीजी_सोलापूर

सर, व्हीएल जरूर घ्या, पुरावा आता भक्कम आहे. २०२२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र केलेत आणि व्हीएलने फेल्ड इन्ट्युबेशन (ट्यूब न जाणं) कमी होतं असंच निघालंय. २०२३ मध्ये अमेरिकेत आयसीयू आणि इमर्जन्सीत 'डिव्हाइस' नावाची ट्रायल झाली, त्यात पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण व्हीएलने ८५.१ टक्के आणि साध्या लॅरिंगोस्कोपने ७०.८ टक्के होतं. मी म्हणेन हायपरअँग्युलेटेडच घ्या. सोप्या केसला साधी स्कोपी आहेच, अवघडला हे.

भूलतज्ज्ञ_लातूर

मांजरा_काठ, तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेते.

त्या ट्रॅक्टरवाल्या पेशंटला व्हीएलच्या भरवशावर झोपवू नका. तोंड न उघडण्याची कारणं वेगवेगळी असतात. दाढेला पू झालाय, दोन दिवसांपासून तोंड उघडत नाही, तर ते दुखण्यामुळे आणि स्नायू आखडल्यामुळे असतं. भूल दिल्यावर त्यातलं पुष्कळसं सुटतं, नेहमी नाही, पण पुष्कळदा सुटतं. गुटख्याच्या पेशंटचं तसं नाही. त्याच्या गालाच्या अस्तराखाली फायब्रोसिस झालेला असतो. स्कोलिन द्या, अ‍ॅट्रा द्या, स्नायू सैल पडतील, पट्टे सैल पडणार नाहीत. जागेपणी जेवढं तोंड उघडतं तेवढंच झोपेतही उघडणार.

आता पुढे काय होतं ते पाहा. ब्लेड शिरलं नाही, तर आपला पुढचा आधार आय-जेल. पण दीड सेंटिमीटरच्या फटीतून आय-जेल तरी कुठून जाणार? ओरल एअरवेसुद्धा धड बसत नाही. म्हणजे पहिला उपाय ज्या कारणाने फसला त्याच कारणाने दुसराही फसतो, आणि हातात उरतो फक्त मास्क. मास्कने व्हेंटिलेशन झालं तर पेशंटला जागं करता येईल. नाही झालं तर श्वासाला वाट करायला मानेवर सुरी. एका पित्ताशयाच्या, ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी त्या माणसाला इतक्या कडेला नेऊन उभं करायचं का, हा प्रश्न सर्जनला शांतपणे विचारा. बहुतेक सर्जन समजून घेतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आणि समजा, ट्यूब गेली. मग ती काढायचीही आहे. रात्री अकराला त्याला पुन्हा ट्यूब लागली तर तुमच्या त्या रुग्णालयात कोण आहे? मी अशा पेशंटचा विचार करताना ट्यूब टाकण्याइतकाच ट्यूब काढल्यानंतरच्या रात्रीचा विचार करते.

या माणसाला फायबरऑप्टिक (लवचिक दुर्बीण) असलेल्या ठिकाणी पाठवा, मेडिकल कॉलेज किंवा मोठं रुग्णालय. तिथे जागेपणी नाकातून ट्यूब टाकतील: लाळ कमी करायला ग्लायको, नाक मोकळं करायला झायलोमेटाझोलिन, घसा बधिर करायला ४ टक्के लिग्नोकेनचं नेब्युलायझेशन, आणि एकूण लिग्नोकेन लीन बॉडी वेटच्या (चरबी वगळून वजनाच्या) ९ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत. नीट बधिर केलेल्या घशातून स्कोप जाताना पेशंट फारसा खोकत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतंय ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, म्हणजे घरचे आधीच धास्तावणार नाहीत.

मराठवाड्यात हे इतकं सांगावं लागतं, कारण आपल्याकडची डिफिकल्ट एअरवे (अवघड श्वासमार्ग) ही मुख्यतः गुटख्याची डिफिकल्ट एअरवे आहे. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पीएसीला (भुलीआधीच्या तपासणीला) आलेल्या तिशीच्या पोराला 'तोंड उघड' म्हटलं की दोन बोटं जात नाहीत, हे मी वरचेवर बघते. बाहेरच्या ट्रायल्स वाचताना हे लक्षात ठेवावं. पीजी_सोलापूर, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत आणि मीही व्हीएलच्याच बाजूची आहे. पण त्या ट्रायलमधल्या बहुतेक ट्यूब्स मोठ्या केंद्रांतल्या रेसिडेंट्सनी आणि फेलोंनी टाकल्या होत्या, पाठीशी माणसं उभी होती. तालुक्याला आपल्याबरोबर एक सिस्टर असते, आणि तीही सर्जनला ट्रॉली लावून देण्याच्या गडबडीत.

आता ट्यूब का अडली ते. मॅकिन्टॉशने आपण जीभ बाजूला सारून दात, घसा आणि कॉर्ड्स एका रेषेत आणतो. दिसलं की रस्ता सरळच असतो, म्हणून ग्रेड ३ लाही बूजी एपिग्लॉटिसच्या खालून सरकते आणि ट्यूब तिच्यामागे जाते. हायपरअँग्युलेटेड ब्लेडमध्ये कॅमेरा वळणाच्या पुढे बसलेला असतो. तो कोपऱ्यापलीकडचं दाखवतो, पण रस्ता सरळ करत नाही. ट्यूबला तेच वळण घेऊन वर चढावं लागतं आणि कॉर्ड्स ओलांडल्या की लगेच खाली उतरावं लागतं, कारण श्वासनलिका मागे आणि खाली जाते. ती वर चढते तशीच पुढे रेटली की समोरच्या भिंतीला टेकणारच. तुमच्या केसमध्ये नेमकं हेच झालंय.

उपाय सांगते. स्टायलेट (ट्यूबच्या आतली आकार देणारी तार) ताठ हवा आणि त्याचं वळण ब्लेडच्या वळणाबरहुकूम. साधा मऊ स्टायलेट हॉकी स्टिकसारखा वाकवून काम होतं असं म्हणतात, पण तो तोंडात गेल्यावर सरळ होऊ शकतो, म्हणून मी ताठच वापरते. ब्लेड मधोमध घाला, जीभ डावीकडे सारायची गरज नाही. कॉर्ड्स दिसल्या की अजून जवळ जाऊन अख्खा पडदा भरण्याचा मोह होतो. तिथे थांबायचं, उलट ब्लेड थोडं मागे घ्यायचं. ग्लॉटिस (कॉर्ड्समधली फट) स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात, निम्मं दिसलं तरी चालेल. ब्लेड जितकं आत आणि वर, तितकी ट्यूबची चढण उभी. मग ट्यूबचं टोक कॉर्ड्सच्या तोंडाशी आलं की सिस्टरला स्टायलेट तीन-चार सेंटिमीटर मागे ओढायला सांगा आणि ट्यूब त्यावरून पुढे सरकवा. तरीही पुढच्या भिंतीला टेकली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवा, टोक खाली वळतं आणि उतरतं.

आणि एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगते. ट्यूब तोंडात घालताना डोळे तोंडाकडे हवेत, स्क्रीनकडे नाहीत. ब्लेड घालताना तोंडाकडे, कॉर्ड्स शोधताना स्क्रीनकडे, ट्यूब घालताना पुन्हा तोंडाकडे, आणि तिचं टोक स्क्रीनवर आलं की मगच स्क्रीनकडे. मधला टप्पा सगळे गाळतात. ताठ स्टायलेटवरची ट्यूब न बघता रेटली की उजवा टॉन्सिलर पिलर (टॉन्सिलशेजारची घडी) किंवा मऊ टाळू फाटू शकतो. अशा इजा जगभर नोंदल्या गेल्यात, आणि स्क्रीनवर त्यातलं काहीच दिसत नाही. रक्त येतं तेव्हाच कळतं.

कोणता घ्यावा? तुमच्यासारख्या एकट्याने फिरणाऱ्याला मी मॅकिन्टॉश आकाराच्या ब्लेडचा घ्यायला सांगेन, ज्यावर पुढे हायपरअँग्युलेटेड ब्लेडही बसवता येईल असा. मॅक ब्लेडची सवय हातात आहेच, बूजी चालते, आणि कॅमेऱ्यावर रक्त आलं तरी तोच साध्या लॅरिंगोस्कोपसारखा डोळ्यांनी बघून वापरता येतो. शिवाय स्क्रीन सिस्टरलाही दिसते. 'जरा डावीकडे दाबा, जरा वर' हे तोंडाने समजावत बसावं लागत नाही. तिला स्वरयंत्र सरकताना दिसतं आणि ती स्वतःच दाब बदलते. नवख्या मदतनिसाबरोबर काम करताना याची किंमत फार मोठी आहे. ब्रँडचं म्हणाल तर सी-मॅक उत्तम, पण काही लाखांचं काम. भारतीय बनावटीचे कितीतरी स्वस्तात मिळतात. डेमो मागवा आणि दिव्याच्या उजेडात स्क्रीन दिसते का, एवढं ओटीतच तपासा.

आणल्यावर मात्र तो अवघड केसची वाट बघत बॅगेत ठेवू नका. रोजच्या सोप्या केसला वापरा. हाताला वळण तिथे बसतं.

मांजरा_काठ

मॅडम, मनापासून आभार. 'ट्यूब घालताना तोंडाकडे बघा' हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक शंका राहिली. किंग व्हिजन या व्हीएलच्या चॅनल (ट्यूब सरकवायची खाच) नसलेल्या ब्लेडला १३ मिलिमीटर फट पुरते आणि चॅनलवाल्याला १८ लागते असं कंपनी सांगते. माझ्या पेशंटचं मोजलं तर १५ च्या आसपास भरतं. म्हणजे चॅनल नसलेलं ब्लेड जाईल. मग नाकातून ट्यूब आणि तोंडातून फक्त ब्लेड असं केलं तर?

भूलतज्ज्ञ_लातूर

मोजलंत हे फार चांगलं केलंत. बोटाच्या हिशोबात प्रत्येकाचं बोट वेगळं असतं. ज्यांच्याकडे पट्टी नसेल त्यांनी दहा सीसीची सिरिंज दातांमध्ये धरून बघावी, तिची नळी दीड सेंटिमीटरच्या आसपास जाड असते. ती जात नसेल तर पुढचं काही ठरवण्याआधी थांबावं.

तुमचा विचार चुकीचा नाही. नाकातून ट्यूब आणि तोंडातून ब्लेड हे करतात, मीही केलंय, पण जागेपणी आणि फायबरऑप्टिक शेजारी तयार ठेवून. जागेपणी व्हीएलने ट्यूब टाकण्यात फायबरऑप्टिकपेक्षा वेळ कमी लागतो असंही अभ्यासांत आढळलंय. पण १३ मिलिमीटर ही ब्लेडची जाडी झाली. ते आत गेल्यावर फिरवायला, जीभ उचलायला जागा लागते, आणि या पेशंट्सची जीभही ताठ झालेली असते. ट्यूबला दिशा द्यायला मॅगिल फोर्सेप्स (लांब वाकडा चिमटा) घालायची म्हटली तर तीही त्याच फटीतून. १५ मध्ये १३ बसलं याचा अर्थ काम झालं असा घेऊ नका. पीएसीलाच, स्वच्छ केलेलं ब्लेड पेशंटला दाखवून, समजावून, दातांमधून हलकेच घालून बघा. भूल देण्याआधी कळलेलं केव्हाही बरं.

आमच्या शिकण्याच्या दिवसांत ब्लाइंड नेझल, म्हणजे आत न बघता नाकातून ट्यूब, करायचे. पेशंटचा श्वास कानाने ऐकत ट्यूब सरकवणारे शिक्षक मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तेही पेशंटचा श्वास चालू ठेवूनच करत. साधन बदललं, पण अशा तोंडाच्या माणसाचा स्वतःचा श्वास आपण घाईने बंद करायचा नाही, हे बदललेलं नाही.

ईएनटी_नगर

सर्जनच्या बाजूने दोन ओळी. सुप्राग्लॉटिक (कॉर्ड्सच्या वरची) गाठ आणि स्ट्रायडर (अडलेल्या श्वासाचा आवाज) असलेला पेशंट असेल तर व्हीएलवर छान दिसेल या आशेवर झोपवू नये. गाठ कॅमेऱ्यासमोर येते आणि खालचं काहीच कळत नाही. आम्हाला आधी बोलवा, लोकल भुलीखाली ट्रॅकी (मानेतून श्वासनलिकेत छिद्र) करून देऊ. आणि कोणत्याही शंकास्पद केसला भूल देण्याआधी मान ताणून क्रिकोथायरॉइड मेम्ब्रेन (स्वरयंत्राच्या पुढचा पडदा, जो छेदून आणीबाणीत ट्यूब टाकतात) बोटाने शोधून पेनने खूण करून ठेवा. १० नंबरचं ब्लेड, बूजी आणि ६ नंबरची कफवाली ट्यूब एका पाकिटात, हाताशी. सॅच्युरेशन ६० असताना मानेवर ती जागा शोधणं फार कठीण जातं.

ओटी_सिस्टर_सांगली

डॉक्टर लोकांमध्ये बोलतेय, पण वापरून झाल्यावर हे यंत्र आमच्या हातात येतं म्हणून लिहिते.

ब्लेड वापरल्या वापरल्या पुसायला द्या. लाळ आणि रक्त कॅमेऱ्याच्या काचेवर वाळलं की नंतर घासावं लागतं, घासलं की ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी धुरकट दिसतं. मग डॉक्टर म्हणतात फॉग आलाय. तो फॉग नसतो. सायडेक्समध्ये (जंतुनाशक द्रवात) बुडवायचं तर कनेक्टरचं टोपण लावलेलं आहे ना हे दोनदा बघायचं. बऱ्याच स्वस्त मॉडेलचं हँडल बुडवायचंच नसतं, फक्त पुसायचं असतं. बाहेर काढल्यावर स्टराइल पाण्याने भरपूर धुवायचं, नाहीतर ते द्रव पेशंटच्या घशाला लागतं. एकदाच वापरायची प्लास्टिकची ब्लेड्स काही ठिकाणी धुऊन पुन्हा पुन्हा वापरतात. त्यांचा कॅमेऱ्यापुढचा भाग पिवळा पडतो, प्लास्टिकला बारीक तडे जातात. सर, तुम्ही एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाणार, म्हणजे जंतूही बरोबर जाणार. निदान दोन ब्लेड्स घ्या, म्हणजे एक भिजत असताना दुसरं वापरता येईल.

खरा फॉग येऊ नये म्हणून यंत्र दोन मिनिटं आधी चालू करून ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये दिव्याने काच गरम होते. ब्लेड घालण्याआधी घसा सक्शन करून घ्या. चार्जिंग रोज रात्री.

पीजी_सोलापूर

मॅडम, सगळं जपून ठेवतोय. एक विचारतो, व्हीएलमध्ये ट्यूब कॉर्ड्समधून जाताना सगळ्यांनाच दिसते, मग कॅप्नो (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसलेल्या ठिकाणी तेवढं पुरेसं मानायचं का?

भूलतज्ज्ञ_लातूर

नाही. दिसलं तरी नाही. ट्यूब जाताना बघितली, मग स्टायलेट काढताना, चिकटपट्टी लावताना ती बाहेर आली, असं होतं. आणि घाईत माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. २०२२ च्या प्यूमा (श्वासमार्गावरचा आंतरराष्ट्रीय गट) मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय: श्वासातून कार्बन डायऑक्साइड टिकून यायला हवा, निदान सात श्वास, आणि ग्राफची उंची तळरेषेपासून निदान साडेसात मिलिमीटर मर्क्युरी. तो आला नाही तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरायचं आणि काढायची, जोवर दुसरं काही सिद्ध होत नाही. त्याच सूचनांमध्ये शक्य तिथे व्हीएल वापरा असंही म्हटलंय, म्हणजे दोन्ही बरोबरीने.

मांजरा_काठ, तुमच्या सहा-सात ठिकाणांपैकी कुठे कॅप्नो नसेल आणि बजेट एकाचंच असेल, तर माझं मत ऐका: आधी हातात मावणारा कॅप्नोग्राफ घ्या, व्हीएल त्यानंतर. आपल्या अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या सूचना छापून ओटीच्या भिंतीवर लावा. नाकातून ऑक्सिजन चालू ठेवून जास्तीत जास्त तीन वेळा लॅरिंगोस्कोपी, पुढचा प्रयत्न सॅच्युरेशन ९५ किंवा वर असेल तरच. तुम्ही त्या दिवशी थांबून मास्क लावलात ते अगदी त्या सूचनांप्रमाणेच होतं.

मांजरा_काठ

आज सर्जनशी बोललो. सुरुवातीला नाराज झाले. मग मी त्यांना आय-जेल त्या पेशंटच्या दातांशेजारी धरून दाखवला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत आणि म्हणाले, 'पाठव.' मेडिकल कॉलेजला पाठवतोय. दोन ठिकाणी कॅप्नो नाही, त्यामुळे तोच आधी घेतोय; मॅक-टाइप व्हीएलचे डेमो मागवलेत, ब्लेड्स दोन घेणार.

बरोबर चिठ्ठी देतोय. त्यात काय लिहू?

भूलतज्ज्ञ_लातूर

सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: ओरल सबम्युकस फायब्रोसिस, तोंड १५ मिलिमीटर उघडतं, फायब्रोसिसमुळे भुलीत सुटणार नाही. त्याखाली मान किती वळते, मॅलमपटी (दिसत नसेल तर 'दिसत नाही' असं), नाकाच्या कोणत्या बाजूने श्वास मोकळा चालतो ते, वजन, पित्ताशयाचा त्रास शेवटचा कधी झाला, चालू औषधं. तुमचा फोन नंबर लिहा, तिथला रेसिडेंट रात्री विचारू शकेल. चिठ्ठीची एक प्रत पेशंटच्या बायकोकडे द्या आणि तिला सांगा की पुढे कधीही, कुठल्याही ऑपरेशनला, अगदी दात काढायलासुद्धा, हा कागद आधी दाखवायचा. कॉलेजला ट्यूब कशी गेली, कोणत्या नंबरची, किती प्रयत्नांत, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. ते बहुतेक वेळा लिहिलं जात नाही, मागितलं तरच मिळतं.

गालाच्या आतल्या त्या पट्ट्यांसाठी त्याला दंत विभागातही दाखवायला सांगा. तिथे कॅन्सरची तपासणी होईल, गुटखा सोडायला मदत मिळेल. पस्तिशीचा आहे, अजून वेळ आहे.